भोपळा, एक नग

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातलं एक वरिष्ठ महाविद्यालय. तिन्ही शाखा, आणि निम्म्याहून जास्त मुलं-मुली आसपासच्या खेड्यांतून एसटीच्या पासवर येणारी. मी इथे रसायनशास्त्र शिकवते आणि अंतर्गत तक्रार समितीची सदस्य आहे. या प्रकरणातल्या मुलीचं नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आणि तिनं वाचून हो म्हटल्यावरच हे पुढे आलं आहे. आणखी एक आधीच सांगायला हवं. गॅदरिंगच्या ज्या संध्याकाळी तिची मंचावरून थट्टा झाली, त्या संध्याकाळी मी दुसऱ्या रांगेत बसले होते आणि मीही हसले होते. त्यामुळे त्रयस्थपणाचा आव मला आणता येणार नाही.

फिशपॉन्ड म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कॉलेज केलेल्यांना सांगायला नको. जुनी माणसं त्याला शेलापागोटे म्हणतात. गॅदरिंगच्या आधी आठवडाभर जिमखान्याबाहेर एक खोका ठेवतात, त्यात निनावी चिठ्ठ्या पडतात. एखाद्यावर टोमणा, एखादं विडंबन, चारोळी. सांस्कृतिक समिती त्यातल्या निवडते, निवेदक मंचावरून वाचतात, आणि ज्याच्यावर चिठ्ठी असेल त्यानं पुढे येऊन 'भेट' घ्यायची. उशिरा येणाऱ्याला गजराचं घड्याळ, टक्कल पडू लागलेल्या सरांना कंगवा. सगळे फिशपॉन्ड वाईट नसतात. आमच्या एका निवृत्त सरांना त्यांच्या 'म्हणजे काय' या पालुपदावरून मिळालेली चिठ्ठी त्यांनी अजून पाकिटात जपली आहे.

पण या प्रकरणानंतर मी मागच्या तीन वर्षांच्या वाचलेल्या चिठ्ठ्यांची फाईल काढून बसले, तेव्हा एक गोष्ट दिसली. मुलांवरच्या चिठ्ठ्या त्यांच्या सवयींवर होत्या: कॅन्टीनची उधारी, मागच्या बाकावरची झोप, गाडीचा आवाज. मुलींवरच्या बहुतेक चिठ्ठ्या रंग, उंची, दात, केस, वजन आणि कपडे यांवर होत्या. मुलगा काय करतो यावर विनोद, मुलगी कशी दिसते यावर विनोद. इतकी वर्षं त्या हॉलमध्ये बसून मला हे दिसलं नव्हतं.

कल्याणी तेव्हा एस.वाय. बी.एस्सी.ला होती. उंच, रुंद खांद्यांची, दणकट. गोळाफेक करायची. महिलांचा गोळा ४ किलोचा असतो आणि तो नुसत्या हातानं जात नाही, त्याला पाय, कंबर, पाठ सगळं लागतं. त्याच वर्षी विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिनं कॉलेजला पदक आणून दिलं होतं, आणि तिचा फोटो सूचना फलकावर महिनाभर होता.

गॅदरिंगची संध्याकाळ

तिच्यावरची चिठ्ठी इथे देत नाही. दिली तर ती पुन्हा एकदा वाचली जाईल, एवढाच त्याचा उपयोग. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीवर ती बेतलेली होती. 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ लठ्ठ होईन' हे आपल्याकडे पोरासोरांना पाठ असतं, त्यामुळे पहिल्या दोन शब्दांतच हॉलला विनोद कळला. निवेदकानं नाव पुकारलं. कल्याणी मागच्या बाजूला बसली होती. ती उठली आणि चालायला लागली, तसा कुणीतरी तिच्या पावलांवर 'टुणूक, टुणूक' म्हणायला सुरुवात केली. मंचापाशी येईपर्यंत अख्खा हॉल टाळ्यांच्या ठेक्यावर तेच म्हणत होता. तिला मंचावर एक मोठा लाल भोपळा देण्यात आला. तिनं तो घेतला, हसली, परत जागेवर गेली. सगळा प्रकार दोन मिनिटांचासुद्धा नसेल. (त्या गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला चकवते आणि सुखरूप घरी पोहोचते. हा भाग त्या दिवशी कुणाला आठवला नाही, मलाही नाही.)

'ती पण हसत होती की' हे वाक्य पुढे आम्ही निदान दहा वेळा ऐकलं. चारएकशे माणसं टाळ्या वाजवत असताना मंचावर उभ्या मुलीनं दुसरं काय करायचं असतं, हे विचारल्यावर मात्र कुणाकडे उत्तर नव्हतं.

रात्रीत तो व्हिडिओ मोबाईलच्या स्टेटसवर फिरला. दुसऱ्या दिवशी त्याला मैदानावर सराव करतानाची तिची एक जुनी क्लिप जोडली गेली, वेग कमी करून. त्याखालचे शेरे आता वजनावर राहिले नव्हते.

पुढचे काही आठवडे

पहिला आठवडा ती रोज आली. कॅन्टीनमध्ये शिरली की मागून 'टुणूक' यायचं. एसटी स्टँडवर, तिला न ओळखणारी अकरावीची पोरंही तेच म्हणायची. तिनं डबा उघडणं बंद केलं. संध्याकाळी मैदानाऐवजी ती थेट स्टँडवर जाऊ लागली. क्रीडाशिक्षकांना वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून असेल.

माझ्यासमोर घडलेली गोष्ट प्रॅक्टिकलची. टायट्रेशन करताना तिचा हात चांगला होता, रंग बदलण्याचा क्षण ती कधी चुकवायची नाही. त्या दिवशी तिचं तीनदा चुकलं. ब्युरेटपेक्षा तिचं लक्ष ओढणीकडे होतं. खांद्यावरून पोटावर, पोटावरून परत खांद्यावर. मी तिला 'लक्ष कुठे आहे' म्हणून झापलं. बार्बरा फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत केलेला एक प्रयोग मी नंतर वाचला. विद्यार्थ्यांना एकेकट्यानं आरशासमोर पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायला लावून गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं जास्त चुकली, मुलग्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. आपण कशा दिसतोय याकडे डोक्याचा एक कोपरा अडकला की कामाला तेवढं डोकं कमी उरतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला तो अर्थ प्रयोगशाळेत माझ्या टेबलापासून चार पावलांवर दिसत होता, आणि मी झापलं.

याच सुमारास आमच्या एका सहकारी मॅडम तिला मायेनं म्हणाल्या, 'अगं, किती बारीक झालीस! छान दिसायला लागलीस.' कल्याणीनं मला नंतर सांगितलं की भोपळ्यापेक्षा हे वाक्य तिला जास्त लागलं. ती दिवसाला एका पोळीवर आली होती, आणि तिला कळलं की हे असंच चालू ठेवायला हवं. मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचा हेतू निखळ चांगला होता. पण शेरा मारणं असो की कौतुक करणं, मुलीच्या अंगाकडे बघून गुण देण्याचा हक्क आपल्याला आहे हे आपण सगळ्यांनीच धरून चाललेलं असतं.

घरी वेगळंच. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. व्हिडिओ आत्याच्या मोबाईलपर्यंत पोहोचला होता. आत्याचं म्हणणं, 'पुढच्या वर्षी स्थळं बघायची आहेत, बरंय जरा खाणं आवरलं तर. आणि त्या गोळ्याचं खूळ आता पुरे.' वडील काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून कल्याणी कॉलेजला यायची बंद झाली.

तक्रार कशी आली

तक्रार म्हणून ती आलीच नाही. आई अर्ज घेऊन कार्यालयात आल्या, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाईल म्हणून सवलत मागायला. अर्जात कारण लिहिलं होतं: 'गॅदरिंगमध्ये सगळ्यांसमोर अपमान झाल्यामुळे.' क्लार्कनं सल्ला दिला, 'मावशी, असं लिहू नका, आजारपण लिहा, लगेच मंजूर होतं.' यात त्याचा दुष्टावा नव्हता, नियम तसाच आहे. आईंनी दुसरा कागद घेतला आणि 'आजारपण' लिहिलं. पहिला कागद टेबलावर पडून राहिला. मी सहीच्या कामासाठी तिथे गेले नसते, तर त्याचं काय झालं असतं ते सांगायला नको.

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेऊन विचारलं. 'बाई, पोरगी जेवत नाही,' एवढंच त्या पहिल्यांदा म्हणाल्या. तक्रार करायची का, यावर त्यांचं उत्तर पक्कं होतं: नको. 'बोभाटा होईल. मग हिचे बाबा शिक्षणच बंद करतील. तुम्ही फक्त तिला परत यायला लावा.'

समोरचे पर्याय

प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण बसलो. पहिला पर्याय सगळ्यांच्या तोंडी होता: निवेदक मुलांना बोलावून माफी मागायला लावायची आणि विषय मिटवायचा. 'पोरांचं करिअर आहे' हे वाक्य तेव्हा दोनदा आलं. मुलीच्या करिअरचा विषय मला काढावा लागला.

दुसरा पर्याय रॅगिंगचा. यावर बराच वेळ वाद झाला, कारण बहुतेकांच्या मते रॅगिंग म्हणजे हॉस्टेलमध्ये सीनियर मुलं करतात ते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. रंग, जात, धर्म, लिंग वगैरेंच्या जोडीनं 'दिसणं' या कारणावरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळही तेव्हापासून रॅगिंगमध्ये येतो. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर १९९९ चा आहे. विद्यार्थ्याला लाज किंवा संकोच वाटेल असं कृत्य, चिडवणं आणि थट्टा हे सगळं त्याच्या व्याख्येत बसतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. न्यायालयात दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही.

एवढा कडक कायदा असला की एक विचित्र गोष्ट होते. शिक्षा वाचून माणसं घाबरतात आणि 'हे रॅगिंग नाहीच' असं म्हणण्याकडे त्यांचा कल झुकतो. आमचाही झुकला. वीस वर्षांच्या दोन निवेदकांना एवढी शिक्षा, तीही सांस्कृतिक समितीनं हातात दिलेली चिठ्ठी वाचल्याबद्दल? हा प्रश्न खोटा नव्हता. पण त्यातून निघणारं पुढचं वाक्य, म्हणजे 'चिठ्ठी हातात दिली कुणी', ते त्या दिवशी कुणीच उच्चारलं नाही.

तिसरा पर्याय आमची अंतर्गत समिती, म्हणजे लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि आयोगाचे २०१५ चे नियम. मंचावरचा प्रकार त्यात बसतो का यावर मतभेद होते. सरावाच्या क्लिपवरचे शेरे मात्र सरळसरळ लैंगिक होते, त्यावर दुमत नव्हतं. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते, म्हणजे वेळ हातात होता. चौथा पर्याय पोलीस. स्त्रीच्या शालीनतेचा अपमान करणारे शब्द किंवा कृती यांसाठीचं कलम (आताच्या भारतीय न्याय संहितेचं ७९) लागू पडलं असतं. कल्याणीला आणि आईंना तो नको होता.

आम्ही पहिला पर्याय घेतला. मीही हो म्हटलं.

काय केलं

माफीचा कार्यक्रम प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाला, आणि तो दुसरं गॅदरिंगच ठरला. आत आठ जण, त्यातले सहा पुरुष. कल्याणी आईबरोबर आली होती, तिला खुर्ची द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही निवेदक खाली मान घालून 'सॉरी ताई' म्हणाले. मग सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आता तिनं 'असू दे' म्हणायचं होतं. ती म्हणाली. प्राचार्य म्हणाले, 'शाब्बास, मोठ्या मनाची आहे.' दुसऱ्या दिवशीही ती कॉलेजला आली नाही.

प्रकरण वळलं ते एका व्हाउचरमुळे. चिठ्ठी कुणी टाकली याचा शोध घ्यावा असं सांस्कृतिक विभागाचं म्हणणं होतं, हस्ताक्षरं जुळवून बघायची वगैरे. त्यासाठी मी गॅदरिंगची सगळी फाईल मागवली. चिठ्ठ्यांच्या खाली खर्चाची बिलं होती: मांडव, ध्वनिक्षेपक, नाश्ता, हार-तुरे. त्यात भाजी मंडईतली एक पावती. कंगवा नव्हता, घड्याळ नव्हतं, ती दुकानाची बिलं वेगळी होती. पावतीवर होतं: 'भोपळा, १ नग.' पाठीमागे विभागप्रमुखांची सही, त्याखाली प्राचार्यांची.

म्हणजे चिठ्ठी कुणीतरी निनावी टाकली होती, पण ती निवडली समितीनं. सकाळी मंडईत माणूस पाठवला समितीनं. पैसे दिले कॉलेजनं. तिला नाव पुकारून मंचावर बोलावलं कॉलेजनं. त्या दोन पोरांना आम्ही माफी मागायला लावली आणि आम्ही खुर्च्यांवर बसून राहिलो.

मी ती पावती प्राचार्यांपुढे ठेवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'मी बिलं वाचून सही करत नाही हो मॅडम.' त्यांच्यावर विश्वास न ठेवायचं कारण नाही. पण त्यानंतर गोष्टी हलल्या. कॉलेजच्या लेटरहेडवर कल्याणीच्या नावानं पत्र गेलं: महाविद्यालयाच्या मंचावरून, महाविद्यालयाच्या खर्चानं आपला अपमान झाला, याची जबाबदारी महाविद्यालयाची आहे. 'भावना दुखावल्या असल्यास' हे शब्द पहिल्या मसुद्यात होते, ते दोन वेळा खोडावे लागले. पत्र मी आणि क्रीडाशिक्षिका घरी घेऊन गेलो. वडिलांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि देवघराच्या कपाटात ठेवलं.

क्लिपचं प्रकरण कल्याणीच्या लेखी तक्रारीवरून अंतर्गत समितीकडे आलं. तीही पत्रानंतरच आली, आधी नाही. दोन मुलं दोषी ठरली आणि एका सत्रासाठी निलंबित झाली. व्हिडिओ सगळीकडून गेला असं म्हणवत नाही. वर्गांच्या ग्रुपवरून आम्ही तो काढायला लावला, उरलेला कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये असणारच. बुडालेली प्रॅक्टिकल्स दोन रविवारी घेतली. जेवणाचा प्रश्न आमच्या आवाक्याबाहेरचा होता. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तिनं स्वतः फोन केला, मराठीत बोलता आलं याचं तिला आश्चर्य वाटलं, आणि तिथून ती जिल्हा रुग्णालयात समुपदेशनाला जाऊ लागली.

परिणाम

कल्याणी परत आली. भौतिक रसायनशास्त्रात एटीकेटी लागली, ती पुढच्या सत्रात सुटली. पदवी झाली. गोळा मात्र तिनं पुन्हा हातात घेतला नाही, निदान आमच्या मैदानावर तरी नाही.

पुढच्या वर्षी खोका ठेवला नाही. विद्यार्थी नाराज झाले, 'मग गॅदरिंगला राहिलं काय?' म्हणाले. ज्यांनी स्वतः नाव दिलं आहे त्यांच्यावरच फिशपॉन्ड, तेही सवयींवर, दिसण्यावर नाही, असा तोडगा निघाला. पहिल्या वर्षी तो कार्यक्रम अगदीच सपक झाला, हे कबूल करते. दुसऱ्या वर्षी शिक्षकांनी भरभरून नावं दिली, तेव्हा जरा जमलं. प्राचार्य आता बिलं वाचतात.

वेगळं काय करता आलं असतं

१९९९ च्या कायद्यात लेखी तक्रार विद्यार्थी करू शकतो, पालक करू शकतात, आणि शिक्षकही करू शकतो. हे मला तेव्हा माहीत होतं. आईंना 'नको' म्हणायचा पूर्ण हक्क होता, आणि त्यांच्या मनाविरुद्ध मी तक्रार करायला हवी होती असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण त्यांचं 'नको' मला सोयीचं होतं, हे खरं आहे. तक्रारीत मला त्या संध्याकाळच्या हॉलचं वर्णन लिहावं लागलं असतं, आणि दुसऱ्या रांगेत कोण होतं तेही.

केबिनमधली माफी ही सरळ चूक होती. तिला आधी एकटीला विचारायला हवं होतं की तुला काय हवं आहे. ते आम्ही विचारलं पत्राच्या वेळी, पाच आठवड्यांनी. तेव्हा ती म्हणाली, 'ज्यांनी भोपळा दिला त्यांनी सांगावं.' म्हणजे पावती सापडण्याआधीपासून तिला माहीत होतं दोष कुणाचा आहे. तपासाची गरज आम्हाला लागली, तिला नाही.

आणि चिठ्ठ्या निवडताना समितीत दोन मुली होत्या. त्यांच्यापैकी एकीनं ही चिठ्ठी नको असं सुचवलं होतं, तिला 'तू लई सीरियस घेतेस' असं उत्तर मिळालं. चौकशीत तिला कुणी बोलावलंच नाही. तिनं ते मला वर्षानंतर, निरोप समारंभात सांगितलं.

हे लिखाण पुरं झाल्यावर मी कल्याणीला वाचायला पाठवलं. तिनं दोन ठिकाणी तारखा काढायला लावल्या. मग फोनवर म्हणाली, 'मॅडम, विभागीयला माझी फेक किती मीटर होती ते लिहा की.' मी म्हटलं, अगं, आकडा टाकला तर आपल्या भागातल्या चार जणांना लगेच कळेल तू कोण ते. ती म्हणाली, 'कळू दे ना.' मी आकडा टाकलेला नाही. त्यावरून ती अजून माझ्यावर थोडी रागावलेली आहे.